मालवणची प्रवाळं आणि खाडीतलं समुद्री गवत: गावच्या गटाने निरीक्षण आणि दुरुस्ती कशी सुरू करावी

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या कातळावर प्रवाळं आहेत हे मालवणला येणाऱ्या पर्यटकालाही आता ठाऊक असतं. पण अमुक एका खडकावरची प्रवाळं तीन वर्षांपूर्वी किती होती आणि आज किती आहेत, असं कुणी विचारलं तर गावात उत्तर सापडत नाही. सगळे सांगतात, “पूर्वी जास्त होती.” ते खरंही असेल, पण त्यावरून काय करायचं ते ठरत नाही. प्रवाळ उष्णतेने मेलं असेल तर उपाय वेगळा, नांगराने तुटलं असेल तर वेगळा आणि गाळाखाली गुदमरलं असेल तर आणखी वेगळा.

म्हणून या लेखात क्रम ठरलेला आहे: आधी मोजायचं, मग हानीचं कारण थांबवायचं आणि प्रवाळाची किंवा गवताची लावणी अगदी शेवटी, तीही थोडीच. बरेच उत्साही गट नेमके उलट चालतात. प्रवाळ-पुनर्स्थापनेच्या जगभरातल्या प्रकल्पांचा २०२० साली एक मोठा आढावा घेतला गेला. त्यातल्या सुमारे ६० टक्के प्रकल्पांचं निरीक्षण दीड वर्षही झालेलं नव्हतं. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. दीड वर्षात त्याचं काय कळणार?

आधी माणसं

गटात कोण हवं हे समुद्रात कोण रोज उतरतं त्यावर ठरवा. स्नॉर्केलिंगचे गाईड आणि स्कूबाचे डाइव्ह मास्टर हवेतच. होडीवरचा तांडेल हवा, कारण पाण्याची ओढ त्याला कळते. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, हवेत. खाडीच्या चिखलात तिसऱ्या, खुबे, कालवं काढणाऱ्या बायका तर हव्याच हव्यात. समुद्री गवत कुठे उगवतं, कुठल्या महिन्यात दिसेनासं होतं, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. त्यांना सभेला बोलावून मागच्या रांगेत बसवू नका. गवताच्या निरीक्षणाची जागा त्यांनाच ठरवू द्या.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात भीती आहे की आज मोजायला आलेले उद्या मासेमारी बंद करतील. ही भीती निराधार समजून बाजूला सारली तर काम पहिल्याच हंगामात थांबेल. पहिल्या बैठकीतच तीन गोष्टी लेखी ठरवा:

- नोंदी गावाच्या मालकीच्या राहतील. मूळ वही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे असेल.
- मासे मिळण्याच्या जागा, जाळी टाकण्याच्या ओळी कुठल्याही नकाशात किंवा समाजमाध्यमावर जाणार नाहीत.
- होडीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दिली जाईल.

तिसरा मुद्दा अनेकांना खटकतो. पण हंगामातला दिवस बुडवून आलेला माणूस दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. निधी कमी असेल तर फेऱ्या कमी करा, पण पैसे द्या.

परवानगी

सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. जिवंत असो वा मेलेलं, प्रवाळाचा तुकडा उचलणं, तोडणं, घरी नेणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांची. चांगल्या हेतूने केलं म्हणून सूट मिळत नाही. प्रवाळांच्या आणि समुद्री गवताच्या जागा किनारा नियमन क्षेत्रातही सर्वात संवेदनशील गटात मोडतात.

अभयारण्यात नुसतं मोजायचं असलं तरी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा. अर्जात जागा, महिने, माणसांची नावं, पद्धत लिहा आणि “काहीही उचलणार नाही, काहीही ठोकणार नाही” असं स्पष्ट नमूद करा. लावणी, खुणेचे गज ठोकणं, तुटलेली प्रवाळं बसवणं यांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. त्यामुळे मोजणीचा अर्ज आणि दुरुस्तीचा अर्ज वेगळे ठेवा. एकत्र केले तर दुसऱ्यापायी पहिलाही अडकतो.

दिवस कसा निवडायचा

जून ते सप्टेंबर विषयच नाही. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असतं. बऱ्यापैकी दिसतं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. वर्षाला दोन फेऱ्या पुरतात: पहिली डिसेंबरात आणि दुसरी, थोडं कमी दिसत असलं तरी, एप्रिलच्या अखेरीस, पाणी सर्वात तापलेलं असताना. पुढच्या वर्षी त्याच दोन पंधरवड्यांत परत जायचं. प्रवाळांचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, उन्हाळ्यात मुळातच फिका पडतो. डिसेंबरची तुलना एप्रिलशी केली तर दरवर्षी संकट आल्यासारखं वाटेल.

पाण्याखाली टेप टाकून मोजायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीला ओढ कमी, गाळ कमी. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत उतरायचं आणि पश्चिमेचा वारा धरायच्या आत वर यायचं. उलट, उघड्या पडणाऱ्या कातळावर किंवा खाडीतल्या चिखलावर चालत काम करायचं असेल तर उधाणाची ओहोटी हवी. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. त्याने द्वितीया-तृतीयेला भरती दीड ते सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास येते. हे दिवस उत्तम, कारण उजेड असतो आणि पाणीही भरपूर ओसरलेलं असतं. नेमकी वेळ छापील भरती-ओहोटी तक्त्यातून घ्या आणि ओहोटीच्या दीड तास आधी जागेवर पोहोचा.

साहित्य

५० मीटरच्या दोन फायबर टेप (स्टीलची टेप एका हंगामात गंजते). लिहायला पांढऱ्या अॅक्रिलिकच्या पाट्या, पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेल्या, आणि प्रत्येकीला सुतळीने बांधलेल्या दोन पेन्सिली. दीड मीटर दोरीला बांधलेला लोखंडी नट, म्हणजे ओळंबा. प्रवाळांचा रंगतक्ता. ५० बाय ५० सेंटिमीटरची पीव्हीसी नळीची चौकट, जिच्या नळ्यांना भोकं पाडलेली आहेत, नाहीतर ती तरंगते. जलरोधक कॅमेरा. होडीवर डायव्हिंगचा झेंडा, लाइफ जॅकेट आणि फक्त पाण्याकडे लक्ष ठेवणारा एक माणूस. हा माणूस नोंदी लिहीत बसणार नाही, फोनवर बोलणार नाही.

जमल्यास एक तापमान-लॉगर घ्या. तो दर तीस मिनिटांनी नोंद करतो. प्रवाळाला बांधू नका, मेलेल्या खडकाच्या सावलीतल्या बाजूला बांधा. उथळ पाण्यात थेट ऊन लागलं की लॉगर स्वतः तापतो आणि पाण्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो.

टेप टाकून मोजणी

जगभर समाजगट वापरतात ती ‘रीफ चेक’ची पद्धत इथे चालते, थोडा बदल करून. मूळ पद्धतीत १०० मीटरच्या सरळ रेषेवर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटरची मोकळी जागा. मालवणात प्रवाळांचे पट्टे लहान असतात, १०० मीटर सलग मिळणं कठीण. म्हणून एकाच खोलीवर, २ ते ६ मीटरच्या पट्ट्यात, २० मीटरच्या चार वेगवेगळ्या रेषा टाका. दोन रेषांत किमान ५ मीटर अंतर ठेवा.

१. सुरुवातीची जागा आधी ठरवा. “इथे प्रवाळ छान दिसतंय” म्हणून तिथे टेप टाकायची नाही. जीपीएस पाच-सहा मीटर इकडे-तिकडे दाखवतो, म्हणून सोबत तांडेलाची पद्धत वापरा: किल्ल्याचा अमुक बुरूज मागच्या अमुक झाडाच्या किंवा देवळाच्या रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी जोडी. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. दोन्ही जोड्यांचे फोटो होडीवरून काढून वहीत चिकटवा.

२. टेप ताणून, तळाला लागून टाका. दर पाच मीटरला मेलेल्या खडकाच्या खोबणीत अडकवा. लाटेच्या हेलकाव्याने टेप अर्धा मीटर जरी हलली तरी तुम्ही रेषा नाही, पट्टा मोजत असता. जिवंत प्रवाळाभोवती टेप गुंडाळू नका.

३. मासे आधी मोजा. टेप टाकून पंधरा मिनिटं लांब थांबा, मग रेषेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पाहत सावकाश पोहत जा. पाच-सहा जातीच पुरे, जसं गोबरा, तांबोशी, बटरफ्लाय फिश, पॅरटफिश. पाण्यात तीन मीटरपलीकडचं दिसत नसेल तर त्या दिवशी मासे मोजूच नका. “शून्य” लिहू नका, “मोजले नाहीत” लिहा. या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

४. मग तळ. शून्यापासून सुरू करून दर अर्ध्या मीटरला ओळंबा सोडा आणि नट नेमका कशावर टेकला ते लिहा. एका रेषेवर ४० बिंदू, चार रेषांवर १६०. रकाने असे ठेवा: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, ताजं मेलेलं प्रवाळ, शैवाल, स्पंज, खडक, तुटके तुकडे, वाळू, गाळ, इतर.

ओळंब्याशिवाय मोजणारा माणूस नकळत प्रवाळाकडे झुकतो. बिंदूपासून चार बोटांवर सुंदर प्रवाळ असलं की हात तिकडे जातो. ओळंब्याला असा मोह नसतो. दुसरी नेहमीची चूक ‘ताजं मेलेलं’ आणि ‘खडक’ यांत होते. ताजं मेलेलं प्रवाळ पांढरं असतं आणि त्याच्या कपांची, म्हणजे ज्या खळग्यांत प्रवाळाचे इवले जीव (पॉलिप) बसतात त्यांची, नक्षी स्पष्ट दिसते, फार तर शेवाळाची पातळ लव असते. नक्षी झिजली, वर जाड थर बसला की ते खडकात धरा.

हिशेब सोपा. १६० पैकी ४८ बिंदूंवर कठीण प्रवाळ असेल तर आच्छादन ३० टक्के. पण १६० बिंदूंच्या मोजणीत नुसत्या योगायोगाने सात टक्क्यांचा फरक वर-खाली होऊ शकतो. म्हणून यंदा ३० आणि पुढच्या वर्षी २६ आले तर “प्रवाळ घटलं” अशी बातमी देऊ नका. ३० चे १८ झाले तर गंभीर. आणि ३०, २७, २४, २१ असा क्रम ओळीने चार वर्षं दिसला तर तोही गंभीर.

नव्या माणसाला लगेच नोंदीला बसवायचं नाही. आधी जुन्या माणसाबरोबर एकाच रेषेवर, एकमेकांच्या पाट्या न बघता मोजायला लावा. ४० पैकी ३६ नोंदी जुळल्या की तो तयार. जुळेपर्यंत त्याच्या नोंदी सरावाच्या वहीत.

रंगतक्ता: बुडी न मारता करता येणारं काम

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाचा तक्ता साधा आहे. बी, सी, डी, ई असे चार रंग आणि प्रत्येकाच्या सहा छटा: १ सर्वात फिकी, ६ सर्वात गडद. प्रवाळाच्या ऊतींत राहणारं सूक्ष्म शैवाल जितकं जास्त तितका रंग गडद. पाणी तापलं की हे शैवाल बाहेर पडतं, छटा उतरते आणि शेवटी पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

एका ठिकाणी किमान वीस प्रवाळं घ्या. प्रत्येकावर सर्वात फिकी आणि सर्वात गडद अशा दोन जागा शोधा आणि प्रत्येकीचा आकडा लिहा, उदाहरणार्थ “डी २, डी ५”. आकार लिहा: गोलसर, पानासारखं, फांद्यांचं, मऊ. फांद्यांच्या टोकाला वाढीमुळे नैसर्गिक फिकेपणा असतो, ते टोक सोडा. तक्ता प्रवाळाजवळ धरा, टेकवू नका. फोटो काढून घरी छटा ठरवणं चालत नाही, कॅमेरा रंग बदलतो. रंगीत काचेचा मास्कही नको. त्याच वीस प्रवाळांची सरासरी दोन आकड्यांनी उतरली तर खरोखर काहीतरी घडतंय असं समजा.

उधाणाच्या ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून शाळेतली मुलंही हे करू शकतात. अट एकच: पाय वाळूवर किंवा उघड्या कातळावर, प्रवाळावर नाही. पायात जाड तळव्याचे बूट हवेत, समुद्री साळिंदराचा (सी अर्चिनचा) काटा सहज आत जातो.

उष्णतेचा इशारा आला तर

अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचा ‘कोरल रीफ वॉच’ नकाशा मोफत बघता येतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्थाही भारतीय प्रवाळांसाठी इशारे देते. त्यात बघायचा आकडा म्हणजे ‘डिग्री हीटिंग वीक’. वर्षातल्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किमान १ अंशाने तापलेलं राहिलं की तेवढे अंश दर आठवड्याला जमा होतात. बेरीज मागच्या बारा आठवड्यांची. ४ झाली की ब्लीचिंगची तयारी ठेवा, ८ झाली की प्रवाळं मोठ्या प्रमाणावर मरू शकतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतर एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. मधली अंतरं किती कमी झाली आहेत ते बघा. सावरायला लागणारा वेळच आता मिळत नाही.

आकडा ४ झाला की त्याच वीस प्रवाळांकडे दर आठवड्याला जा. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. हात न लावता जवळून पाहा: पारदर्शक ऊती, कपांतून डोकावणारे पॉलिप दिसत असतील तर ते जिवंत आहे, उपाशी आहे, आणि पाणी थंड झालं तर काही आठवड्यांत परत रंग धरू शकतं. वर हिरवी-तपकिरी लव चढली की तो भाग गेला. या काळात त्या खडकावरचं स्नॉर्केलिंग दुसरीकडे वळवा. लावणी, साफसफाई, जाळी काढणं, सगळं थांबवा. व्यावसायिकांना हे मे महिन्यातल्या गर्दीत सांगून पटणार नाही. डिसेंबरातच ठरवून ठेवा की आकडा ४ झाला की कुठला खडक बंद आणि पर्यायी जागा कुठली.

खाडीतलं समुद्री गवत

शैवाल आणि समुद्री गवत वेगळं. गवताला मुळं असतात, चिखलात सरपटणारं खोड असतं, फुलं येतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत भरती-ओहोटीच्या चिखलावर, बहुधा कांदळवनाच्या कडेला, जे सापडतं ते मुख्यतः हॅलोफिला बेकॅरी. पानं जेमतेम सेंटिमीटरभर, छोट्या देठाच्या टोकाला झुबक्याने. पायाखाली आलं तरी कळत नाही. जागतिक धोक्याच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ आहे. ओळख पटत नसेल तर बोटाने चिखल हलकेच बाजूला करा. आडवं खोड आणि प्रत्येक पेरापाशी मूळ दिसलं तर गवत.

समुद्री गवत मोजणाऱ्या ‘सीग्रास-वॉच’ उपक्रमाची पद्धत: किनाऱ्याला काटकोनात ५० मीटरच्या तीन रेषा, एकमेकींपासून २५ मीटरवर. प्रत्येक रेषेवर दर ५ मीटरला चौकट ठेवायची, म्हणजे ११ चौकटी, एकूण ३३. खाडीतला पट्टा लहान असेल तर रेषा २० मीटरच्या करा आणि चौकट दर २ मीटरला ठेवा. चौकटींची संख्या तीच राहते. प्रत्येक चौकटीत गवताचं टक्केवारीतलं आच्छादन, जात, पानांची उंची, पानांवरचा शेवाळाचा थर, चिखल की वाळू, हे सगळं लिहा आणि चौकटीच्या बरोबर वरून फोटो घ्या. रेषेच्या एकाच बाजूने चाला, चौकटी दुसऱ्या बाजूला ठेवा. नाहीतर पुढच्या खेपेला स्वतःच्या पावलांचे खड्डे मोजाल. चिखलात पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत पुढे न्या, म्हणजे पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर निघून जाईल.

टक्केवारीचा अंदाज माणसागणिक फार बदलतो. ५, २५, ५० आणि ७५ टक्के आच्छादनाचे तुमच्याच खाडीतले फोटो छापून, लॅमिनेट करून सोबत ठेवा आणि चौकट त्यांच्याशी ताडून पाहा.

पावसाळ्यात गोडं पाणी आणि गाळ येऊन हे गवत विरळ होतं, कधी दिसेनासंही होतं. ऑक्टोबरात मोकळा चिखल पाहून घाबरू नका, जानेवारी-फेब्रुवारीत परत पाहा. सलग दोन हिवाळे आलं नाही तर कारण शोधा: वाळूउपसा, भराव, होड्या ओढण्याची नवी वाट, वरच्या अंगाला झालेलं बांधकाम. या जातीसाठी लावणीच्या फंदात पडू नका. कारण हटलं आणि जवळपास थोडं गवत उरलेलं असलं की ते स्वतः पसरतं.

आधी थांबवायच्या गोष्टी

मालवणच्या खडकांवर माणसाच्या हातून होणाऱ्या तुटीचं सर्वात सहज टाळता येणारं कारण म्हणजे नांगर. उपाय: होडी बांधायला कायमचा बोया, म्हणजे तळातल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला दोरीने बांधलेला तरंगता गोळा. त्यासाठी वनखात्याबरोबर महाराष्ट्र सागरी मंडळाचीही परवानगी लागते.

काँक्रीटचा ठोकळा पाण्यात गेला की वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग हरवतो. ५०० किलोचा ठोकळा पाण्याखाली २९० किलोच्या आसपास भरतो. हे न धरता ठोकळा टाकला की भरलेल्या होडीच्या ओढीने तो सरकतो आणि नांगरापेक्षा जास्त नुकसान करतो. ठोकळा वाळूच्या मोकळ्या जागेतच ठेवा. दोरीची लांबी धरताना खोलीत उधाणाची सुमारे अडीच मीटर वाढ मिळवा आणि वर मोकळीक ठेवा. मग दोरीची लांबी अधिक होडीची लांबी एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा. त्या वर्तुळात उथळ प्रवाळ असेल तर जागा बदला. दोरीच्या मध्यावर एक छोटा फ्लोट बांधला की ओहोटीला सैल झालेली दोरी तळावर घासत नाही. साखळी तळावर लोळू देणं सर्वात वाईट, ती गोल फिरत सगळं भुईसपाट करते. मेअखेर वरचा बोया आणि दोरी काढून घ्यायची, ठोकळ्यावर फक्त कडी राहू द्यायची. दर महिन्याला शॅकल (दोरी जोडणारी लोखंडी कडी) आणि दोरीचा वरचा एक मीटर तपासण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

अडकलेली जाळी ओढू नका. बोथट टोकाच्या कात्रीने लहान-लहान तुकडे करून सोडवा. ज्या तुकड्यावर प्रवाळ वाढून बसलंय तो तिथेच राहू द्या. पर्यटकांसाठी नियम तीनच: प्रवाळावर उभं राहायचं नाही, माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत, पोहता न येणाऱ्याला गाईडने रिंगला धरूनच न्यायचं. पाव टाकल्याने शैवाल खाऊन खडक साफ ठेवणारे मासेही पावामागे धावतात. शिवाय सगळीकडे तेच चार-दोन धीट मासे दिसू लागतात आणि तुमची मोजणीही बिघडते.

तुटलेली प्रवाळं परत बसवणं

इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या स्पर्मोंडे बेटांवर षटकोनी लोखंडी सांगाड्यांना प्रवाळाच्या फांद्या बांधून सुरुंगाने उद्ध्वस्त झालेले खडक उभे केले गेले. चार वर्षांत त्यांच्या वाढीचा वेग निरोगी खडकाइतका झाला, असं २०२४ च्या अभ्यासात दिसलं. त्याचे फोटो बघून आपल्याकडेही सांगाडे टाकायची घाई होते. पण तिथलं प्रवाळ भराभर वाढणारं, फांद्यांचं आहे. मालवणात मुख्यतः गोलसर, थर धरून वाढणारी आणि टर्बिनारियासारखी पानाच्या आकाराची प्रवाळं आहेत. त्यातून गाळ आणि पावसाळ्यातला मारा. सांगाडा उलटला तर तो इतर प्रवाळांवर लोळतो.

इथे शहाणपणाचं काम म्हणजे आधीच तुटून सुटी पडलेली जिवंत प्रवाळं स्थिर करणं. चांगल्या वसाहतीतून तुकडा तोडायचा नाही. परवानगी हातात आल्यावर:

डिसेंबर-जानेवारीत करा, एप्रिल-मेच्या उष्णतेत कधीच नाही. पहिल्या वर्षी तीसच तुकडे घ्या. अर्ध्याहून जास्त ऊती जिवंत असलेले, तळहाताएवढे किंवा मोठे. आणखी पंधरा सुटे तुकडे खूण करून तसेच पडू द्या. या पंधरांशिवाय बसवण्याचा उपयोग झाला की ते तुकडे तसेही जगले असते, हे कधीच कळणार नाही.

तुकडा पाण्याबाहेर काढायचा नाही, तळाशीच हलवायचा, तोही त्याच खोलीवर. बसवण्याची जागा तारेच्या ब्रशने शेवाळ निघेपर्यंत घासा. न घासलेल्या जागेवर लावलेली पुट्टी दोन आठवड्यांत सुटते. दोन भागांची सागरी इपॉक्सी पुट्टी होडीवर रंग एकसारखा होईपर्यंत मळा, लिंबाएवढा गोळा करून खाली न्या, खडकावर दाबा आणि तुकड्याची मेलेली बाजू त्यात रोवा. जिवंत ऊतीला पुट्टी लागता कामा नये. सिमेंट स्वस्त पडतं. त्यात थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळलं की लवकर घट्ट होतं, पण प्रमाण आधी बादलीत समुद्राच्या पाण्याखाली आजमावून घ्या. पानाच्या आकाराच्या प्रवाळाला शेजारी मेलेल्या खडकात खिळा ठोकून केबल टायचाही आधार द्या. बोटाने हलवून पाहा. किंचितही हलत असेल तर मुळापाशी ते खडकाला चिकटून वाढणार नाही.

तपासणी एक आठवडा, एक महिना, तीन महिन्यांनी, मग मेअखेर आणि नोव्हेंबरात, पुढे दर सहा महिन्यांनी किमान तीन वर्षं. नोंद पाच प्रकारांत: पूर्ण जिवंत, अर्ध्याहून जास्त, अर्ध्याहून कमी, मेलेलं, हरवलेलं. हरवलेले मेलेल्यांत मिसळू नका. मेलेले जास्त असतील तर जागा चुकली, हरवलेले जास्त असतील तर चिकटवण्याची पद्धत. बसवलेले आणि सुटे यांच्यात पहिल्या पावसाळ्यानंतर फरक दिसला नाही तर दुसऱ्या वर्षी आणखी तुकडे बसवू नका, तो पैसा बोयांवर घाला.

गवताची लावणी शिकायची असेल तर

ती तमिळनाडूत, पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात पाहावी. तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग (समुद्री गाय) संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. डुगाँगचं खाणं हेच गवत. तिथे एक मीटर चौरस चौकटीला, पीव्हीसीच्या किंवा बांबूच्या, ज्यूटची किंवा काथ्याची दोरी ताणतात. दाट कुरणातून खोडासकट कोंब काढून दोरीला बांधतात आणि चौकट तळाशी रोवतात. दोरी कुजेपर्यंत मुळं धरलेली असतात. लक्षात ठेवायचं ते इतकंच: कोंबाबरोबर आडव्या खोडाची तीन-चार पेरं हवीत, एका जागचं ओरबाडायचं नाही, सावलीत समुद्राच्या पाण्यात ठेवून त्याच दिवशी लावायचं, आणि मूळ कुरणाइतक्याच खोलीवर.

जगातल्या १७८६ लावण्यांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३७ टक्केच तगल्या. ज्या ठिकाणी गवत नाहीसं होण्याचं कारण आधी हटवलं होतं आणि लावणी मोठी होती, तिथे यश जास्त होतं. दोन-चार चौकटींचं गवत प्रवाहात गाळ धरून ठेवू शकत नाही, मुळं उघडी पडतात.

नोंदींचं काय करायचं

पाटीवरचं त्याच दिवशी, होडीतून उतरल्यावर वहीत उतरवा आणि पाटीचा फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी “हे ३ की ८?” यावर वाद होतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा, सगळ्यांना बोलावून एका कागदावर मावेल एवढंच सांगा: कुठल्या खडकावर किती टक्के, गेल्या वर्षी किती, तापमान किती चढलं, कुठला बोया तुटला. एक प्रत वनखात्याला, एक ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीला आणि एक बंदरावरच्या फळ्याला. पुढच्या हंगामातल्या दोन फेऱ्यांच्या तिथी आणि प्रत्येकीला कुठली होडी येणार हे त्याच बैठकीत लिहून घ्या.